रेघ आधी कोणती?



उपतिस्स स्थविरांचा ‘विमुत्तिमग्ग’ मूळ पालीत उपलब्ध नव्हता. संपूर्ण ग्रंथाचे चिनी भाषांतर तेवढे टिकले होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट यांनी ते वाचून ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिले व १९३७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

ही चिनी अक्षरे गिरवण्याचे नियम साधे आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी रेघ आधी, उभी नंतर. ‘दहा’ हे अक्षर आपल्या बेरजेच्या चिन्हासारखे: आधी आडवी, मग उभी. ‘देश’ लिहिताना चौकटीच्या तीन बाजू, मग आतला भाग, शेवटी खालची रेघ. माणसे आत आली की दार लावावे तसे! ‘बुद्ध’ या अक्षराच्या सात रेघा. पहिल्या दोन ‘माणूस’ या खुणेच्या.

क्रम कशासाठी? हाताला वळण लागले की अक्षर लक्षात राहते, घाईतही वाचता येते.

आपल्या मुलांचेही तसेच आहे. हात अडखळतो आणि परीक्षेत येत असलेले उत्तरही लिहायचे राहून जाते. म्हणून रोवणीवरून थकून आलात तरी पाच मिनिटे वहीजवळ बसा. तेच अक्षर काढताना हात दरवेळी एकाच वाटेने जातो का, एवढे पाहा. शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही हे पाहता येते.