रक्त दिले, पण प्लाझ्मा कुठे ठेवणार?

ईद-ए-मिलाद असो, शिवजयंती असो की आंबेडकर जयंती, आपल्याकडे रक्तदान शिबिर होतेच. रांगा लागतात, पिशव्या भरतात, फोटो निघतात. पिशवीचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

रक्तातला पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. रक्त गोठवणारे घटक त्यात असतात. महामार्गावरचा अपघात असो वा बाळंतपणातला रक्तस्राव, खूप रक्त गेले की नुसत्या लाल पेशी चढवून भागत नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हवाई रुग्णवाहिकेतच प्लाझ्मा मिळालेल्या जखमींपैकी महिन्याभरात २३ टक्के दगावले. न मिळालेल्यांपैकी ३३ टक्के. त्याच वर्षी डेन्व्हर शहरातल्या चाचणीत फायदा दिसला नाही, कारण तिथे रुग्णालय काही मिनिटांवर होते. शिरूरहून पुणे सुमारे सत्तर किलोमीटर, दौंडहून आणखी थोडे लांब. आपण यांपैकी कुठे मोडतो, हे सांगायला नको.

पण प्लाझ्मा नाजूक असतो. रक्त घेतल्यावर सहा ते आठ तासांत वेगळा करून उणे तीस अंशांखाली गोठवला, तर वर्षभर टिकतो. वितळवून फ्रीजमध्ये ठेवला की गोठवणारे काही घटक झपाट्याने घटतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर सावरण्याचा त्याचा गुणही पाच दिवसांत बराच ओसरतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पिशवी तीच, गुण मात्र तो नाही.

म्हणून मला वाटते, तालुक्याच्या रक्त साठवण केंद्रात लाल पेशींचा फ्रीज पुरेसा नाही. उणे तीसचा फ्रीजर, वितळवायचे यंत्र, अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ हवेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांकडे सीएसआरचा पैसा मागता येईल. प्लाझ्मा वाया जाईल, असे कोणी म्हणेल. मुदत संपण्याआधी तो मोठ्या रक्तपेढीकडे परत पाठवण्याची सोय ठेवली, तर तसे होणार नाही.

शिबिर भरवणाऱ्या भावांनी रक्तपेढीला दोन प्रश्न विचारावेत: पिशव्या किती तासांत विलगीकरणाला पोहोचतील? आणि त्यातला प्लाझ्मा आमच्या तालुक्यात कधी मिळेल? एबी गटाच्या दात्यांनाही बोलवा. त्यांच्या लाल पेशी मोजक्यांनाच चालतात, पण प्लाझ्मा कोणत्याही गटाला चालतो. कुणाचा, कोणत्या धर्माचा, हे तिथे पाहिले जात नाही. वेळेवर आणि नीट साठवलेला मिळाला, एवढेच पाहिले जाते.