गणितविनोद : हर्षद संख्या व रायगडाचीं सालें

संख्यांची परीक्षा त्यांच्या भाजकांवरून करण्याची चाल फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी सुमारें ३०० वर्षें युक्लिड या ग्रीक गणितज्ञानें ‘परिपूर्ण’ संख्येचें लक्षण सांगितलें. स्वतः ती संख्या वगळून बाकीचे सर्व भाजक मिळविले असतां तीच संख्या परत येते, ती परिपूर्ण. ६ चे भाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे भाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. बेरीज कमी पडली तर संख्या न्यून, जशी ८. वाढली तर अधिक, जशी १२. २२० व २८४ या तर परस्परांच्या मित्र. एकीच्या भाजकांची बेरीज दुसरी होते. आपल्याकडे नारायण पंडितानें इ. स. १३५६ मध्यें रचिलेल्या ‘गणितकौमुदीं’त भाजक शोधण्याच्या रीतींस स्वतंत्र प्रकरण दिलें आहे.

या कुळांत एका महाराष्ट्रीय शाळामास्तरानें मोलाची भर घातली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म डहाणू येथें १९०५ मध्यें झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळाली येथें शिक्षकाचें काम केलें. १९५५ मध्यें त्यांनीं एका जातीच्या संख्येस ‘हर्षद’ असें नांव दिलें. ‘हर्षं ददाति’ असा त्याचा विग्रह. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो, ती हर्षद. २१ चे अंक २ व १, बेरीज ३, आणि २१ ला ३ नें भाग जातो. १ पासून १०० पर्यंत अशा ३३ संख्या सांपडतात.

तुडील व रायगड हीं दोनही महाड तालुक्यांतलीं. त्यामुळें ही व्याख्या ऐकतांच आम्हां इकडील लोकांस राज्याभिषेकाचें साल आठवतें. तें इ. स. १६७४, शके १५९६. आतां १+६+७+४ = १८, आणि १८ × ९३ = १६७४. शकाचेंही पाहावें. १+५+९+६ = २१, आणि २१ × ७६ = १५९६. दोनही हर्षद! शिवाय १६७४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी केली, तर ७६४१ − १४६७ = ६१७४; आणि हीच संख्या कापरेकरांच्या नांवानें जगभर ओळखली जाते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, हीच क्रिया पुनःपुन्हा करावी, अंक कमी पडल्यास आरंभीं शून्य धरावें. फार तर सात वेळांत ६१७४ येतेच.

एवढें पाहून कोणी यांत ईश्वरी संकेत शोधूं लागेल. त्यानें अंमळ थांबावें. महाराजांनीं रायगडावर देह ठेविला तें साल १६८०. अंकांची बेरीज १५, आणि १५ × ११२ = १६८०. इंग्रजांनीं रायगड घेतला व पेशवाई बुडाली तें साल १८१८. बेरीज १८, आणि १८ × १०१ = १८१८. हीं सालेंही हर्षदच; तीं महाराष्ट्रास हर्ष देणारीं झालीं असें कोण म्हणेल? दहा हजारांपर्यंत हर्षद संख्या १,५३८ आहेत, म्हणजे दर सहा-सात संख्यांमागें एक. एवढ्या दाट पिकांत हवें तें कणीस हातीं लागल्यास नवल नाहीं.

मुलास चमत्कार दाखविणें सोपें. त्याचें कारण दाखविणें हें शिक्षण. कोणत्याही संख्येंतून तिच्या अंकांची बेरीज वजा केली, तर बाकीस ९ नें भाग जातो. कारण १०, १००, १००० यांतून एकेक काढला असतां ९, ९९, ९९९ उरतात. म्हणून बेरीज १८ असेल, तर त्या संख्येस ९ नें भाग जाणारच. संख्या सम असली कीं २ नेंही जातो. आणि ९ व २ यांस १ खेरीज सामान्य भाजक नसल्यामुळें १८ नें भाग जाणें अटळ होतें. १६७४, ६१७४ व १८१८ या तिहींचें मर्म एवढेंच.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवावा. भाजक हा संख्येचा स्वभाव, अंक हा तिचा वेष. दहांऐवजी बारांच्या पटींत संख्या लिहूं लागलों, तरी ६ परिपूर्णच राहील. १६७४ चे अंक मात्र बदलतील व तिचें हर्षदत्व पुन्हा तपासावें लागेल. याच कारणानें कांहीं पंडितांनीं कापरेकरांचे शोध पोरखेळ म्हणून बाजूस सारिले. परंतु १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील आपल्या सदरांत त्यांच्यावर लिहिलें. १९९३ मध्यें कूपर व केनेडी यांनीं असें सिद्ध केलें कीं, लागोपाठ २० हर्षद संख्या असूं शकतात, २१ मात्र कदापि नाहींत. खेळांतून सिद्धांत निघाला. तिकडे या संख्यांस आयव्हन निव्हेन या गणितज्ञाचेंही नांव चिकटलें आहे. आपल्या मुलांनीं तरी त्यांस हर्षद म्हणावें.

वाचकांनीं घरांतील मुलांस एक काम द्यावें. १, ६, ७, ४ या अंकांच्या चोवीस मांडण्या होतात. प्रत्येक मांडणी भागून न पाहतां त्यांत हर्षद किती, हें त्यांनीं सांगावें. उत्तर बारा येईल. पण उत्तरापेक्षां कारण विचारावें, आणि तें मूल स्वतः सांगेपर्यंत आपण गप्प बसावें.