बाबांनी बटण बंद केलं, चूक माझी होती



आपल्यापैकी बरेचजण आता पुणे, बंगळूर, हैदराबाद असे पांगलो आहोत आणि आई-बाबा इंदूरच्या घरी आहेत. त्यामुळे घरचं वाय-फाय हे ‘मुलाचं खातं’ असतं, मुलगा कुठेही असो. यावेळी माझ्याच खात्यातला घोळ सांगतो.

आमच्या रामबागेतल्या घरात राउटर खाली आहे आणि वरच्या मजल्यासाठी छताला एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावलाय. वरच्या खोलीत आई दर शनिवारी सकाळी ऑनलाइन मराठी शिकवते. समोर आपल्याच मंडळींची परदेशातली नातवंडं असतात. एका शुक्रवारी रात्री साडेदहाला मी पुण्यातून मोबाइलवर त्याचं नवं फर्मवेअर आलेलं पाहिलं आणि ‘अपडेट’ दाबून टाकलं. घरी कुणाला सांगितलं नाही. बाबांनी रोजच्या सवयीने झोपायच्या आधी जिन्यातली सगळी बटणं बंद केली. त्यात त्याचंही बटण होतं.

सकाळी आईचा फोन आला, “वरचं नेट गेलंय रे.” मी बाबांवर चिडलो, “बटण कशाला बंद केलंत?” ते एवढंच म्हणाले, “मला कुठे माहीत होतं?” खरंच, त्यांना कुठे माहीत होतं!

अशा यंत्राला आपण ‘ब्रिक झालं’, म्हणजे वीट झाली, असं म्हणतो. पण बहुतेक वेळा वीट झालेली नसते. फर्मवेअरच्या आधी जागा होणारा एक छोटा प्रोग्राम आत असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. साधारण अपडेट त्याला हात लावत नाही. वरचं घर पडलं तरी पाया शाबूत असतो. अनेक यंत्रांत रीसेटचं बटण दाबून ठेवून वीज दिली की बूटलोडर नव्या फाइलची वाट पाहत थांबतो.

ती फाइल टीएफटीपी नावाच्या जुन्या पद्धतीने पाठवतात. पासवर्ड नाही, फोल्डर नाही. फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे एकेक करून जातात, आणि आधीच्याची पोच आल्याशिवाय पुढचा तुकडा निघत नाही. रजिस्टर पत्राच्या पोचपावतीसारखंच. इतकं साधं असल्यामुळेच ते बूटलोडरच्या इवल्याशा जागेत मावतं.

आता अडचण अशी की हे पुण्यातून एकट्याने होत नाही. बटण दाबणारे हात इंदूरला होते. आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. बाबा स्टूल घेऊन आलेच होते. “बाबा, तुम्ही चढू नका,” म्हटलं आणि शेजारच्या दादाला बोलावून अ‍ॅक्सेस पॉइंट खाली काढून टेबलावर ठेवला. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

मग बाबांचा लॅपटॉप त्यांच्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला. घरच्या वाय-फायवर मुद्दाम ठेवला नाही. आमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा अशा वेळचा ठरलेला पत्ता १९२.१६८.१.२० आहे आणि घरच्या राउटरचे पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होतात. एकाच नावाच्या दोन गल्ल्या झाल्या की लॅपटॉपला कुठे जायचं ते कळत नाही. लॅपटॉपची केबल वीज देणाऱ्या अ‍ॅडॅप्टरच्या ‘लॅन’ भोकात लावली आणि अ‍ॅक्सेस पॉइंटची दुसऱ्यात. एनीडेस्कवरून मी लॅपटॉपच्या केबलला १९२.१६८.१.५० हा पत्ता दिला, मास्क २५५.२५५.२५५.० ठेवला आणि गेटवेची जागा रिकामी सोडली. ती भरली असती तर लॅपटॉप इंटरनेटही केबलमध्येच शोधायला लागला असता आणि माझा संपर्क तुटला असता. विंडोजमध्ये टीएफटीपी बंद असतं, ते सुरू केलं. फायरवॉल पोच अडवते म्हणून तेवढ्यापुरती थांबवली. कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्याच मॉडेलची फाइल उतरवली.

“बाबा, टाचणीने ते बारीक बटण दाबून धरा. दाबलेलंच ठेवा. आई, आता केबल लाव.”

“लाइट लागला.”

“सोडू नका अजून.”

“आता पांढरा, निळा, पांढरा, निळा होतोय.”

“सोडा!”

मी कमांड दिली. पहिल्यांदा काहीच झालं नाही, बटण जरा लवकर सुटलं होतं. दुसऱ्यांदा काही सेकंदांत फाइल गेली. पुढची काही मिनिटं सर्वांत कठीण होती, कारण फाइल पोचली तरी ती आत लिहून व्हायची असते आणि तेव्हा कशालाही हात लावायचा नसतो. बाबा बटणाशेजारी पहारा देत उभे राहिले. दिवा स्थिर झाला. यंत्र कोरं झालं होतं, म्हणून वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. घरातले सगळे फोन आपोआप जोडले गेले. फायरवॉल पुन्हा सुरू करून लॅपटॉपचा पत्ता पूर्ववत केला. आईचा वर्ग अर्धा तास उशिरा, पण भरला.

मित्रांनो, तीन गोष्टी करा. घरच्या यंत्रांच्या मागच्या मॉडेलच्या लेबलचा फोटो तुमच्याकडे ठेवा. अपडेट दिवसा करा, घरच्यांना फोन करून, आणि घरी इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर आहे ना ते पाहून. अपडेटनंतर यंत्र गप्प वाटलं तर आधी पंधरा मिनिटं थांबा.

आणि चौथी. संध्याकाळी मी बाबांना फोन करून सांगितलं की चूक माझी होती. ते म्हणाले, “असू दे रे. पण ते पांढरा-निळा झाल्यावरच सोडायचं, हे आता मला पक्कं कळलंय.” जिन्यातल्या त्या बटणावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : ‘बंद करण्यापूर्वी चिरंजीवांना विचारणे.’

भेटू पुढच्या अंकात.