नफ्सचाही हक असतो

आपल्याकडे एखाद्या बाईचं कौतुक करायचं झालं की "ती कधी कुणाला नाही म्हणत नाही" असं म्हणतात. मला या कौतुकाची काळजी वाटते.

रमजानमधलं घर डोळ्यांसमोर आणा. सहेरीला सगळ्यांच्या आधी तीच उठते. मगरिबची अजान होते तेव्हाही ती भज्यांच्या कढईपाशी असते. उभ्या उभ्याच खजूर तोंडात टाकून रोजा सोडते. साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी मनाई केली आहे, तरी कित्येकजणी रोजा ठेवतात, कारण सासरचे काय म्हणतील ही धास्ती. वास्तविक सूरह बकरा (आयत १८४-१८५) आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत देते. आजार बरा होण्यासारखा नसेल तर फिदियाचा मार्ग आहे. अल्लाहने उतरवलेलं ओझं लोकांच्या भीतीने पुन्हा उचललं, तर आपण नेमकं कुणाला राजी करतोय?

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. बिरादरीत नाक राहावं म्हणून कर्ज काढून वलीमा घालणारे आणि पुढची पाच वर्षं हप्ते फेडणारे आपल्यातलेच आहेत.

सहीह बुखारीतली एक हदीस इथे आठवते. हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत इतके गढले होते की घराकडेही लक्ष नव्हतं. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना जेवायला लावलं, रात्री झोपायला लावलं आणि समजावलं, की रबचा तुमच्यावर हक आहे तसा तुमच्या नफ्सचाही आहे आणि घरच्यांचाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं. इबादतीसाठीसुद्धा नफ्सचा हक डावलायचा नसेल, तर लोकांच्या मर्जीसाठी कसा डावलायचा?

यावर कुणी म्हणेल, मग ईसारचं काय? सूरह हश्रमध्ये स्वतः तंगीत असूनही मुहाजिरांना पुढे करणाऱ्या अन्सारांची प्रशंसा आहेच. पण अन्सारांनी दिलं ते राजीखुशीने. जिथे नाही म्हणायची सोयच नाही, तिथे देणं हा ईसार नव्हे, ती सक्ती आहे.

दोन्हींतला फरक स्वतःत ओळखता येतो. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत आपल्या तोंडून "हो" जातं का? काम केल्यावर समाधान वाटतं, की आतल्या आत हिशेब सुरू होतो? दुखणं असह्य होईपर्यंत घरात लपवलं जातं का? "तुला काय हवंय?" या प्रश्नावर काहीच सुचत नाही का? वर्गात मी मुलींना पुढे काय शिकायचंय असं विचारते, तेव्हा बऱ्याचजणी "घरचे म्हणतील ते" असं सांगतात. त्यांना ही सवय कुणी मुद्दाम लावलेली नाही. आईकडे बघूनच त्या शिकल्या.

म्हणून सुरुवात घरातूनच व्हावी. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) घरकामात हातभार लावत. येत्या रमजानमध्ये कढईपाशी दुसरं कुणी उभं राहिलं, आणि अजानच्या वेळी ती दस्तरख्वानावर बसलेली असली, तर तीही सुन्नतच होईल. आणि तिनेही "मी आहे ना, तुम्ही बसा" म्हणून परत उठू नये.