मुंगूस, कुत्रा आणि पिंजरा

पिंजरा म्हटलं की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला टी-1 वाघीणच आठवते. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातले तेरा बळी तिच्या नावावर लागले होते. तिला धरायला पिंजरे लावले, हत्ती आणले, इटालियन जातीचे कुत्रे आणले, विलायती अत्तरही शिंपडून पाहिलं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीनं मेली आणि वाद कोर्टात गेला. त्यामुळे लोहाऱ्यातल्या एका तरुण वाचकानं न्यूझीलंडचा व्हिडिओ पाठवून ‘सर, आपल्या इकडं लोकं असे पिंजरे काऊन लावत नाहीत?’ असं विचारलं, तेव्हा मी आधी दचकलोच.

व्हिडिओत मात्र वाघबिघ काही नव्हता. एक आजीबाई परसातल्या लाकडी पेटीतून मेलेला उंदीर काढत होत्या. वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचा सस्तन प्राणी नाही. तिथले किवी, काकापोसारखे पक्षी उडायचं विसरले, कारण पळायचं कुणापासून हा प्रश्नच नव्हता. मग माणूस आला, त्याच्या जहाजातून उंदीर आले. शिकारीसाठी ससे आणले, ते बेसुमार वाढले म्हणून 1880 च्या दशकात त्यांच्यावर स्टोट नावाचं मुंगसासारखं चपळ जनावर सोडलं. स्टोटनं ससे सोडून पक्ष्यांची पिल्लं खाल्ली. 2016 साली तिथल्या सरकारनं 2050 पर्यंत उंदीर, स्टोट, पोसम या बाहेरून आलेल्या प्राण्यांचा देशातून नायनाट करायचं जाहीर केलं. आज गल्लोगल्लीचे लोक पदरमोड करून सापळे लावतात आणि किती मेले याचा हिशेब ठेवतात.

असाच हिशेब जपानातल्या अमामी बेटावर आपल्या मुंगसाचा झाला. विषारी सापांवर उपाय म्हणून 1979 मध्ये तिथं तीसेक मुंगसं सोडली. मुंगूस दिवसा हिंडतं, तिथला साप रात्री निघतो, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडायची. मुंगसांनी बेटावरच्या दुर्मीळ सशांचा फडशा पाडला, मुंगसांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. सापळे लावणारं खास पथक नेमावं लागलं आणि 2024 च्या सप्टेंबरात बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडं मुंगूस आडवं गेलं तर माणूस खूश होतो. इथं ते घरचं आहे, इथल्या टिटवीला, तितराला त्याच्यापासून अंडी वाचवायची विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोल्हा, खोकड, रानमांजर, सगळ्यांचं तसंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही आणि लावूही नये.

मग आपल्याकडं माणसानं आणून सोडलेला, माणसाच्या जिवावर वाढलेला शिकारी कोण? दारव्हा रोडवर एमआयडीसीच्या बाजूला रात्री नऊनंतर मोटारसायकल काढा, तो टोळीनं मागं लागेल.

मोकाट कुत्रं रानातल्या जनावरावर जगत नाही, यातच खरी मेख आहे. बिबट्याचं भक्ष्य घटलं की बिबटेही घटतात. कुत्र्याचं पोट कोंबडीच्या दुकानामागची आतडी, मंगल कार्यालयाचं उरलेलं अन्न आणि गावाबाहेर टाकलेलं मेलेलं ढोर यांवर भरतं. पूर्वी ते ढोर गिधाडं संपवायची. ढोरांच्या दुखण्यावर देत त्या डायक्लोफिनॅकनं गिधाडं गेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तोवर ताट कुत्र्यांपुढं सरकलं होतं. रानात एकही ससा उरला नाही तरी कुत्र्यांची संख्या कमी होत नाही, आणि भरल्या पोटीही ती पाठलाग करतातच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर वन्यजीव अभ्यासक अबी वनक यांनी कुत्री आणि खोकडं यांचा अभ्यास केला. कुत्र्यांच्या विष्ठेत बहुतेक माणसाकडचंच अन्न निघालं, तरी कुत्रं दिसलं की खोकड खायची जागा सोडून जायचं. वनक आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये देशभरातून माहिती गोळा केली, तेव्हा कुत्र्यांनी हल्ला केलेल्या 80 प्रजाती निघाल्या, त्यातल्या 31 धोक्यातल्या.

टिटवीचंच बघा. उन्हाळ्यात ती रिकाम्या प्लॉटच्या मुरमावर चार अंडी घालते, निमुळती टोकं आत करून. रंग असा की पाय पडेपर्यंत खडे कोणते अन् अंडी कोणती कळत नाही. ढोर आलं तर पंख पसरून अंगावर जाते, माणूस आला तर डोक्यावर घिरट्या घालून ओरडते. मुरमाचा रंग माणसाच्या डोळ्याला फसवतो. नाकानं शोधणारी पाच-सहा कुत्री रात्री एकदम आली तर तिच्या आरडाओरड्याला कोण विचारतं? आणि पाण्यासाठी गावाकडं आलेल्या चितळाला कुत्र्यांनी फाडल्याची बातमी आपल्या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात येते.

पण या शिकाऱ्यासाठी पिंजरा लावता येत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री उचलल्यावर परत तिथं सोडू नका म्हटलं. सगळी चर्चा माणसाला झालेल्या चाव्यांची. चितळ या खटल्यात पक्षकार नाही. कुत्र्यांना विष घालणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही, हेही सांगून ठेवतो. तो गुन्हा आहे, आणि विषानं मेलेल्या कुत्र्याचं मढं खाणारं गिधाड किंवा कोल्हाही मरतो.

त्या तरुणाला मी वेळासचं उदाहरण दिलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात समुद्री कासवाची अंडी माणसं विकायची, उरलेली कुत्री-कोल्हे उकरायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि गावकऱ्यांनी एकाही कोल्ह्याला न मारता काम केलं. पहाटे किनारा चालायचा, कासवाच्या मागावरून घरटं शोधायचं, अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरायची, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडायची. स्वयंसेवकांचं काम म्हणजे शेवटी हेच, रोज पहाटे उठणं.

लोहाऱ्यात त्याचं रूप वेगळं असेल. चिकन-मटणाच्या दुकानांचा कचरा रात्री कुठं जातो यावर पाळत ठेवणं. मेलेलं ढोर पुरलं जातंय की नाही ते बघणं. नसबंदीची गाडी आधी बाजारपेठेत न फिरवता रानाला लागून असलेल्या वस्त्यांत आणायला नगरपरिषदेला भाग पाडणं. याचा व्हिडिओ काही कुणी पाहणार नाही.

अवघड गोष्ट पाळीव कुत्र्याची आहे. शेतकरी म्हणेल, रोही आणि रानडुकरं तुरीत घुसतात, कुत्रं बांधलं तर राखण कोण करणार? त्याचं बरोबर आहे. पण टिटवीची बरीचशी अंडी एप्रिल-मे-जूनमध्ये असतात, आणि तेव्हा आपल्या कोरडवाहू शेतांत राखायला फारसं पीक नसतं. तेवढे तीन महिने रात्री कुत्र्याला साखळी घालायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. मी विचारलेल्या दोघांनी तरी लगेच हो म्हटलं. तिसऱ्यानं साखळीचे पैसे मागितले.