वाकड्या चालीचा राग

शालेय बुद्धिबळ स्पर्धांचा हंगाम आला की चिखली, मेहकर, खामगावकडची मुले तालुका जिंकून जिल्ह्याला येतात. तिथून अमरावती विभाग, मग राज्य. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यानंतर आपल्याकडचे पालकही क्लासची चौकशी करू लागले. चांगलेच झाले. पण दिव्याने अंतिम फेरीचा निर्णायक जलद डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला होता, आणि आमच्या क्लासांत नेमके काळ्याकडून बसायचे कसे, हेच कच्चे राहते.

सिसिलियन बचावाच्या दहा-बारा चाली पाठ असतात. समोरच्याने पहिल्याच चालीला राजाच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे ढकलले, की पाठांतर संपले. ‘हा काय खेळून राहिला?’ असे मनात येते, आणि मग येतो राग. असल्या चालीला लगेच शिक्षा झालीच पाहिजे, असे मुलाला वाटते. समोरच्याचे अर्धे काम इथेच होते.

ही चाल स्विस खेळाडू हेन्री ग्रोब याच्या नावाने ओळखली जाते. चाल कमकुवत आहे, यात शंका नाही. राजाची बाजू पांढरा स्वतःच उघडी टाकतो. काळा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे घेतो, पांढरा उंट जी२ वर आणतो, आणि जी४ वरचे प्यादे फुकट दिसते. काळ्याचा उंट ते खातो. इथवर काही बिघडलेले नाही. मग पांढरा सी४ खेळतो आणि आणखी एक प्यादे पुढे धरतो. तेही खाल्ले की जी२ वरच्या उंटाचा कर्ण मोकळा होतो, तो बी७ वरचे प्यादे मारतो आणि कोपऱ्यातला हत्ती कोंडीत सापडतो. पहिले प्यादे पचले असते, दुसऱ्याच्या हावेने घात केला. सी६ खेळून मधले प्यादे भक्कम केले असते तर काळ्याचेच बरे होते. त्यासाठी ग्रोबचा अभ्यास लागत नाही. हा उंट कुठे बघतोय, एवढे विचारले तरी पुरते.

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला विश्वविजेत्या कास्पारोव्हने डीप ब्लू या संगणकाला असेच चकवायचे ठरवले. तिसऱ्या डावात त्याने वजिरापुढचे प्यादे एकच घर सरकवले, म्हणजे यंत्राच्या साठ्यातली तयारी निरुपयोगी व्हावी. यंत्राला ना राग, ना अपमान. त्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे घेतले, घोडा बाहेर काढला. डाव बरोबरीत सुटला. सामना शेवटी कास्पारोव्हच हरला.

आणि वाकडे तरी कोणाला म्हणायचे? आपल्या जुन्या देशी खेळात प्यादे एका वेळी एकच घर चाले. त्याच सवयीचे महेशचंद्र बॅनर्जी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कोलकात्याला जॉन कोक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी खेळताना घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून मागे उंट बसवत. युरोपला ते तऱ्हेवाईक वाटले असणार. आज तशाच मांडण्या इंडियन डिफेन्सच्या नावाने आपलीच मुले फी भरून शिकतात.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. तालुका स्पर्धेआधीचा एखादा रविवार असा ठेवा की पांढऱ्याची पहिली चाल चिठ्ठी टाकून ठरेल: एच४ निघो, बी४ निघो, नाहीतर घोडा थेट पटाच्या कडेला. पुस्तक बंद, घड्याळ चालू. काळ्याकडून बसणाऱ्याने प्रत्येक चालीआधी समोरच्याच्या मोहऱ्याची नजर कुठे आहे ते वहीत लिहायचे, मगच हात पुढे करायचा. याला ना संगणक लागतो ना बाहेरचा प्रशिक्षक. क्लासवाल्यांना हे पाठांतरापेक्षा अवघड जाईल, कारण यात शिकवल्याचे लगेच दिसत नाही.