जीटी ते जीपीटी

मागच्या शनिवारी सेलूला बहिणीकडे होतो. जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, मामा, जरा गच्चीवर चला. मला वाटलं एखाद्या पोरीचं प्रकरण असणार. मामाला गच्चीवर नेतात ते त्यासाठीच! पण तिथं पोचल्यावर पठ्ठ्या म्हणतो, "मामा, एक विचारायलो, आईला सांगू नका. नऊ हजार पाहिजेत."

"कशाला?"

"प्रोजेक्टला. पुण्याहून रेडीमेड मिळायलाय. कोड, रिपोर्ट, पीपीटी सगळं. व्हायवात काय विचारतेत त्याची उत्तरं बी देतेत."

विषय काय, तर कॅमेऱ्यात चेहरा ओळखून वर्गाची हजेरी लावणारी सिस्टिम. मी विचारलं, तुमच्या कॉलेजात हजेरी कशी घेतात? म्हणाला, "कागदावर. कागद फिरवतेत, एकजण पाच जणांच्या सह्या करतो."

मी हसलो. मग हसू गिळलं, कारण २००७ साली मीही हेच केलं होतं. माझं होतं 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम', व्हिज्युअल बेसिक सिक्स आणि मागे अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. चौघांत मिळून विकत घेतलं. रिपोर्टच्या तिसाव्या की एकतिसाव्या पानावर दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहून गेलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट उलटसुलट चाळला आणि पानांचे नंबर मधोमध हवेत, उजवीकडे नकोत, एवढीच एक चूक काढली. कॉम्प्युटर चालू करा असं कुणी म्हणालंच नाही. पन्नासपैकी सेहेचाळीस मार्क. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितली नव्हती, आता सगळ्यांनाच सांगून टाकतोय. असो.

तर विषय कॉपीचा. आमच्या वेळी जीटी होती. ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनियरिंग केलं त्यांना हा शब्द समजवायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन बादल्यांवर नाहीतर दोन खुर्च्यांवर एक काच ठेवायची, खाली ट्यूबलाइट, काचेवर सीनियरची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. आणि मग रात्रभर गिरवत बसायचं. ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन म्हणजे काय हे न कळता मी ते पाच वेळा काढलंय. आणि सुबक काढलंय! सीनियरने एक रेघ चुकवली होती ती माझ्याकडेही चुकली, माझ्या ज्युनियरकडेही चुकली असणार. ती चुकीची रेघ त्या कॉलेजात अजून फिरत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता जीटीची जीपीटी झाली आहे. नोव्हेंबर २०२२ नंतर जर्नल लिहायला काचही लागत नाही आणि सीनियरही लागत नाही. एम, थिअरी, प्रोसिजर, कन्क्लूजन, सगळं दोन मिनिटांत. यावर आमच्या ऑफिसातले माझ्या वयाचे लोक हळहळतात. पोरं बिघडली, एआयने शिक्षणाची वाट लावली वगैरे वगैरे. अहो, वाट आपणच लावलेली होती, एआय फक्त त्या वाटेवरून जोरात गाडी हाणतंय. आधी हाताने कॉपी करायला आठ तास लागायचे म्हणून ती मेहनत वाटायची, एवढाच फरक.

मूळ दुखणं वेगळंच आहे. चार वर्षांत एकाही माणसाने मला एक साधा प्रश्न विचारला नाही, की बाबा, तू केलेलं हे चालतं का? सबमिशन झालं का, टर्मवर्क भरलं का, एटीकेटी किती, हे सगळ्यांनी विचारलं. चालतं का, हे कुणीच नाही. आणि जी वस्तू चालायलाच नको, ती कुणी कशाला बनवेल? ती कॉपीच होणार.

उदाहरण देतो. आम्हाला सी प्लस प्लस शिकवलं ते टर्बोच्या निळ्या स्क्रीनवर. तो कंपायलर नव्वदीच्या सुरुवातीचा, भाषेचं प्रमाणीकरण झालं १९९८ साली, आणि आम्ही २००४ साली 'व्हॉइड मेन' आणि 'क्लियर स्क्रीन' लिहीत बसलेलो. पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी माझा प्रोग्रॅम कंपाइल झाला नाही, कारण ते क्लियर स्क्रीन म्हणजे बोरलँडच्या लायब्ररीतली चीज होती, सी प्लस प्लसची नव्हेच, हे मला माहीतच नव्हतं. शेजारच्या क्युबिकलमधला केरळचा पोरगा जे हसला ते मला अजून ऐकू येतं.

मग आम्ही शिकलो कुठे? सांगतो, पण प्राध्यापक मंडळींनी रागावू नये. हॉस्टेलमध्ये. काउंटर स्ट्राइक खेळण्यासाठी.

आमच्या मजल्यावर सात कॉम्प्युटर होते. इंटरनेट नव्हतं, पण एकमेकांवर गोळ्या झाडायला ते लागतही नाही. आठ पोर्टचा एक स्विच वर्गणी काढून आणला, केबलचा गुंडाळा आणला, क्रिंपिंगचा चिमटा आणला. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. वीस वर्षं झाली, झोपेतून उठवलं तरी हा क्रम सांगेन. एक तार चुकली की गेम चालायचा नाही, आणि गेम चालला नाही की सहा पोरं आईबहिणीवरून शिव्या द्यायची. याला म्हणतात व्हायवा! दोन मशिनना एकच आयपी दिला तर काय होतं, सबनेट मास्क म्हणजे काय, कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत सिग्नल का पोचत नाही, हे सगळं तिथं कळलं. वर्गात त्याच काळात आम्ही ओएसआयच्या सात लेयरची नावं पाठ करत होतो. पुढे सहाव्या सेमिस्टरला रेक्टरनी स्विच जप्त केला. अभ्यासावर परिणाम होतो म्हणून.

हे आमच्यापुरतंच नाही. १९६९ साली केन थॉम्पसनला बेल लॅब्जमध्ये 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा आपलाच गेम खेळायचा होता. मोठ्या मशिनवर खेळणं महाग पडत होतं, म्हणून त्याने तो कोपऱ्यात पडलेल्या एका पीडीपी-७ वर आणला. त्या खटपटीत त्या मशिनशी जी ओळख झाली, तिच्यातून युनिक्स उभं राहिलं. आणि तुमच्या लॅपटॉपवरचा तो नारिंगी कोनवाला व्हीएलसी? पॅरिसच्या एकोल सेंत्रालमधल्या पोरांना कॅम्पसचं नेटवर्क गेम खेळायला फार हळू वाटत होतं. वेगवान नेटवर्कला पैसे मिळावेत म्हणून १९९६ च्या सुमारास त्यांनी नेटवर्कवरून टीव्ही दाखवण्याचा प्रोजेक्ट काढला. २००१ साली तो जगासाठी खुला झाला. म्हणजे तिथं पोरांच्या करमणुकीतून प्रोजेक्ट निघाला, आणि इथं प्रोजेक्टपायी पोरांची करमणूक जप्त झाली.

आता भाच्याकडे येतो. हा ईएनटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, दोन केटी आहेत आणि घरच्यांच्या मते पूर्ण वाया गेलेला आहे. कारण सुट्टीत तो एका डीजेवाल्याकडे जातो. मानवत, पाथरी, जिंतूरपर्यंत लग्न-मिरवणुकीला पिकअपवर बेस-टॉप चढवतो, वायरी लावतो, मशीन बसलं तर उघडतो. बहीण म्हणते, इंजिनियरिंगला घातला आणि बँडवाल्यात गेला.

गच्चीवर मी सहज विचारलं, तिथं नेमकं काय करतोस? आणि पोरगं सुटलंच. आठ ओहमचे चार बेस समांतर जोडले की दोन ओहम होतात, स्वस्तातला अ‍ॅम्प तेवढा करंट देऊ शकत नाही, जळतो. दोन शेजारच्या बेसपैकी एकाची वायर उलटी लागली की आवाज वाढायच्या ऐवजी बेस गायबच होतो, समोर उभं राहिलं की कळतं. अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, "पण मालकाला पटत नाही, त्याला वाटतं डबल पैसे डबल आवाज." जनरेटरचं व्होल्टेज पडलं की आधी काय गडबडतं, क्रॉसओव्हर कुठे कापायचा... मी बघत राहिलो. इम्पीडन्स मॅचिंग, फेज, लॉगरिदमिक स्केल. हा पोरगा नेमक्या ज्या विषयात नापास झालाय तोच विषय मला शिकवत होता.

"मग हेच पेपरात कामून लिहीत नाहीस?"

"मामा, पेपरात डेरिव्हेशन विचारतेत. हे कुणी विचारत नाही."

'थ्री इडियट्स'ने (२००९) या पोरांचं भलं केलं असं आपण मानतो. मला तसं वाटत नाही. पाठांतरवाल्यांची टर उडवली, मजा आली, मीही तीनदा पाहिला. पण त्यातला रँचो मशिन खोलतो आणि पहिलाही येतो! शेवटी चारशे पेटंटवाला शास्त्रज्ञ निघतो. खऱ्या कॉलेजात मशिन खोलणाऱ्याला केटी लागते, आणि त्याच्याकडे एकही पेटंट नसतं. सिनेमाने आपल्याला सांगितलं की जीनियस असाल तर सिस्टिम मोडा. माझा भाचा जीनियस नाही. चांगला, हात चालणारा, साधा पोरगा आहे. अशा लाख पोरांचं काय, हे कुठल्याच सिनेमात नाही. नंतरच्या वेबसिरीजनी तर एंट्रन्सच्या क्लासलाच हीरो करून टाकलं.

आमच्याकडे म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. म्हणताना छाती फुगते, पण जर्मनीत नेमकं काय आहे ते बघायचं कष्ट कोण घेतो? तिथं १९६९ च्या कायद्यापासून कारागिरीचं शिक्षण दोन पायांवर उभं आहे: आठवड्यातले काही दिवस कारखान्यात पगारी काम, बाकीचे शाळेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मागणी कुणाची, तर इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, ड्रायव्हर अशांची. जर्नल गिरवणाऱ्यांना तिकडून बोलावणं आलेलं नाही.

पण जर्मनी लांब राहिली. परभणीतच १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी क्रांती' भेंडी तिथली, 'परभणी मोती' ज्वारी तिथली. भेंडीला केवडा रोग पडतो की नाही, याचा व्हायवा शेतकरी घेतो, पानांचे नंबर बघून मार्क देत नाही. कृषी पदवीच्या पोरांना शेवटच्या वर्षी 'रावे' नावाचा प्रकार असतो, गावात राहून शेतकऱ्याच्या बांधावर काम करायचं. (तिथंही फायली कॉपी होतात हो, मला माहीत आहे. माझा एक मित्र रावेचं सगळं गाव घरबसल्या फिरून आला.) तरी निदान अभ्यासक्रमात बांध आहे. इंजिनियरिंगच्या अभ्यासक्रमातला बांध कुठे आहे? वर्ग झाडून बेंच लावले की कॉलेज उभं. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, त्यामुळे माझ्यासारखे इंजिनियर झाले, हे मी नाकारत नाही. ती पदवी नसती तर मी आज हिंजवडीत नसतो, सेलूच्या मोंढ्यात हिशेब लिहीत असतो. म्हणून तर राग येतो. दार उघडलं, आणि आत खोलीच रिकामी.

२०२१ पासून मराठीतून इंजिनियरिंगला परवानगी मिळाली, पिंपरी-चिंचवडमध्ये कॉम्प्युटर इंजिनियरिंगचा वर्गही सुरू झाला. मला आनंद आहे. पण जर्नल मराठीत लिहिलं आणि तेही गिरवलंच, तर फक्त शुद्धलेखनाच्या चुका बदलतील.

आता तुम्ही म्हणाल, मग काय कॉलेजात डीजे शिकवायचा? त्या डीजेने आमच्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं! बरोबर आहे, माझ्याही धडधडतं. तो प्रकार मला अजिबात आवडत नाही. पण आवाजाचे नियम २००० सालीच झालेत: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, रात्री दहानंतर बंद. आता हे मोजणार कोण? डीजे किती मीटरवर किती डेसिबल पडतो, बेसचा आवाज बंद खिडकीतूनही आत का येतो आणि टॉपचा का येत नाही, पिकअपची दिशा बदलली तर दवाखान्यापाशी किती कमी होतो, हे सांगू शकणारा माणूस ज्याने बेस स्वतः चढवलेत तोच असणार ना?

मी भाच्याला म्हटलं, हाच प्रोजेक्ट कर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी व्हायला पाहिजेत. गल्लीत होतात का बघ. भिंतींमुळे होणार नाहीत. किती होत नाहीत ते मोज.

तो गप्प झाला. मग म्हणाला, सरांना विचारतो.

बुधवारी फोन आला. सर म्हणाले विषय चांगला आहे, पण यात एआय नाही, डिपार्टमेंटला एआय पाहिजे. शिवाय शेवटच्या पानावर रेफरन्स पेपर किमान पंधरा हवेत.

"मग?"

"मग काय मामा... ते हजेरीवालं आता आठ हजारात द्यायलेत."

मी म्हटलं, आठ हजार मिळणार नाहीत. साउंड लेव्हल मीटरचे देतो, बिल माझ्या नावावर कर. थोडा वेळ नुसता जनरेटरचा आवाज येत होता. पोरगा पाथरीला लग्नात होता.

"मामा," तो ओरडून म्हणाला, "मीटर रविवारपर्यंत येईल का? सोमवारी मानवतला मोठी वरात हाय, सोळा बेस लागायलेत!"